माझ्या बायकोचा पार्टनर

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको. सातवीत नापास झालो तेव्हा मला नापास झाल्याचं काही वाटलं नव्हतं. बाकावर बाजूला बसणारा पास झाला, त्याचं वाटलं होतं. त्यानंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायला शिकलो. म्हणजे अर्धवट शिकलो. मुलुंडला माझं छोटं दुकान होतं आणि माझ्याकडून दुरुस्त होऊन गेलेला मिक्सर थोड्या दिवसांत परत यायचाच. बायको म्हणायची, "माहेरवाशीण आहे ती. राहील दोन दिवस आणि जाईल."

आता दुकान बंद केलंय. आमची चाळ पाडून बिल्डरने टॉवर बांधला, आम्हा जुन्या भाडेकरूंना एकेक ब्लॉक दिला आणि उरलेले विकले. आमच्या दारासमोरचा विकलेल्यातला. तिथे बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको राहायला आले. मी त्यांना तोंडावर साहेब म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते जाऊ दे. माझ्याच वयाचे, पण डोक्यावरचे सगळे केस जाग्यावर. घरात असले तरी शर्ट पँटीत खोचलेला. लिफ्टमध्ये बायकांना आधी जाऊ देतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस चांगला आहे. जळायचं असलं की समोरचा हरामखोर असावा, बरं पडतं. हा माणूस तीही सोय ठेवत नाही.

रोज दुपारचा चहा झाला की आम्ही चौघं त्यांच्या हॉलमध्ये मेंढीकोट खेळतो. ज्यांना पत्ते येत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चौघं जण, दोन जोड्या, पार्टनर समोरासमोर बसतात. चार रंगांच्या चार दश्श्या, त्यांना म्हणायचं मेंढ्या. ज्या जोडीने जास्त मेंढ्या पकडल्या तिचा डाव. चारही पकडल्या तर समोरच्यावर कोट, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत टोमणे. यात पत्ते चांगले येऊन भागत नाही. कुठली मेंढी गेली, कोणाकडचा कुठला रंग संपला, हे डोक्यात ठेवावं लागतं. माझ्या डोक्यात ते कधीच राहिलं नाही. बायकोच्या डोक्यात सगळंच राहायचं. आमच्या साखरपुड्याला माझा कुठल्या पायातला मोजा फाटका होता, हेसुद्धा.

नवराबायकोने एकमेकांचे पार्टनर व्हायचं नाही, हा आमच्याकडे चाळीपासूनचा कायदा. घरं मोडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून जोड्या अशा पडल्या: मी आणि समोरच्या वहिनी, साहेब आणि माझी बायको. ते दोघं जिंकायचे, आम्ही दोघं पुढचा डाव पिसायचो. बायको टाळी द्यायला हात पुढे करायची आणि साहेब त्या हातावर अगदी हळू, हात काचेचा असल्यासारखी टाळी द्यायचे. ती हळू टाळी मला जास्त लागायची. माझी टाळी बसली की बायको म्हणते, "हाड मोडाल."

गेल्या गणपतीनंतर मला खुणा दिसायला लागल्या.

पहिल्यांदा कान. खेळता खेळता साहेब उजव्या कानाची पाळी चोळायचे, की बायको त्यांच्याकडे बघून हातातलं पान बदलायची. मग चष्मा. चष्म्याची काडी जरा वर करायची, परत खाली. कधी नाकावर बोट, कधी हनुवटीवर. आणि माझी बायको, जी आधी पत्त्यांकडे बघून खेळायची, ती आता सगळा वेळ साहेबांच्या तोंडाकडे बघून खेळायला लागली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडाकडे एवढा वेळ तिने फक्त एकदाच बघितलं होतं, मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा.

आधी वाटलं चीटिंग. पण चीटिंग करणारे जिंकतात, आणि हे दोघं तर हळूहळू हरायला लागले होते. वहिनी आणि मी जिंकत होतो. मी, आणि जिंकतोय. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं की जगात काहीतरी मोठं बिघडलंय. पण मी जळत होतो, आणि जळणाऱ्या माणसाला धूर दिसतो तो फक्त स्वतःचा.

मी घरी बायकोवर लक्ष ठेवायला लागलो. बांगड्याच्या आमटीत तिरफळं नाहीत. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "संपली असतील." डबा भरलेला होता. दूध गॅसवर ठेवून खिडकीत उभी. दूध उतू जातंय आणि ही समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय. भाजी आणायला गेली ती कोथिंबीर विसरून आली, परत गेली आणि परत तीच मेथी घेऊन आली. एकदा आमच्या विंगमध्ये न येता बाजूच्या विंगच्या लिफ्टने वर गेली आणि भलत्याच दारात चावी घालत बसली. वॉचमनने आणून सोडली. आणि एका संध्याकाळी माझ्या हातात चहा देताना म्हणाली, "घ्या भावजी."

भावजी ती साहेबांना म्हणते.

आता तुम्हीच सांगा, कामात लक्ष नाही, एकटीच खिडकीत उभी, नवऱ्याला दुसऱ्याच्या नावाने हाक. कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं ही काय लक्षणं आहेत. मला पण कळलं. मी म्हटलं, बाई प्रेमात पडली. साठीला आली, गुडघ्याला पट्टा लावते, आणि प्रेमात पडली.

खरं-खोटं करायला मी एकदा ती खूण घरी करून बघितली. ती पोळ्या लाटत होती, मी ओट्यासमोर उभा राहून उजव्या कानाची पाळी चोळली. म्हटलं बघू लाजते का. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "गजकर्ण झालंय का? मलम लावा. आणि त्या हाताने पोळीला हात लावू नका."

थंडीच्या दिवसांत एकदा माझा स्फोट झाला. डाव अर्ध्यात होता. साहेबांनी कान चोळला, बायकोला कळलं नाही. त्यांनी परत चोळला. तिने भुवया वर केल्या. त्यांनी तिसऱ्यांदा चोळला. मी पत्ते खाली टाकले.

"साहेब, कान दुखतोय का तुमचा?"

"नाही. का हो?"

"मग सारखा काय चोळताय? डॉक्टरला दाखवा. नाहीतर आम्हाला तरी सांगा काय चाललंय. आम्ही काय इथे पंखे मोजायला बसलोय?"

वहिनी म्हणाल्या, "भावजी, पत्ते उचला."

"नाही उचलत. आधी यांना विचारा, माझ्या बायकोला खुणा कसल्या करतात."

साहेब माझ्या बायकोकडे बघायला लागले. परवानगी मागतात तसे. माझ्या बायकोची परवानगी, माझ्या देखत. टाळकंच फिरलं माझं.

मग बायको बोलली. हातातले पत्ते तिने नीट मिटले आणि मांडीवर ठेवले. "कान म्हणजे बदाम. चष्मा म्हणजे इस्पिक. नाक चौकट, हनुवटी किलवर. कुठली मेंढी गेली ते सांगतात ते मला."

"म्हणजे चीटिंगच ना."

"चीटिंग नाय हो. मला आठवत नाय."

"काय आठवत नाय?"

"काय गेलं ते. पान पडतं, मी बघते, पान उचललं की गेलं. पडलं होतं का नव्हतं, तेच कळत नाय. भावजींना दिसलं ते. मीच म्हटलं, कोणाला सांगू नका, खेळता खेळता मला जरा सांगत जा."

मी वहिनींकडे बघितलं. त्या टेबलाच्या कडेला बोट फिरवत होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. माझी स्वतःची पार्टनर पण फितूर. सबंध हॉलमध्ये ज्याला माहीत नव्हतं असे दोघंच, मी आणि भिंतीवरचा गणपती, आणि गणपतीचं मी खात्रीने सांगत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जोक केला असतात."

"मी?"

"लिफ्टमध्ये केला असतात. वॉचमनला सांगितला असतात. दूधवाला आला की त्याला."

मी तोंड उघडलं. आणि खरं सांगतो, तोंडात जोकच आला होता. गिळला. मासळीचा काटा गिळतात तसा, भाताच्या गोळ्याबरोबर. फरक एवढाच की भात नव्हता.

तुम्हाला वाटेल आता तरी माझं जळणं थांबलं असेल. उलट वाढलं. प्रेमात पडली असती तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ही तर आपली सगळ्यात मोठी भीती घेऊन समोरच्या दारात गेली होती. घरात नवरा असताना.

साहेबांनी चौकशीही करून ठेवली होती. अंधेरीला एका हॉस्पिटलात विसरण्याच्या आजाराची डॉक्टरीण बसते. "माझ्या गाडीतून जाऊ," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या बायकोला मी नेईन." आणि नेली, मुलुंडहून अंधेरीपर्यंत रिक्षाने. पवईला असं जाम होतं की बाजूच्या टेम्पोतल्या कोंबड्यांशी आमची ओळख झाली. बायकोने पदर नाकाला लावलेला. अर्ध्या तासाने फक्त एवढंच म्हणाली, "भावजींच्या गाडीत एसी आहे."

डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. आधी बायकोची परीक्षा घेतली. हा कागद घडी करा, हे पाच शब्द लक्षात ठेवा. मग म्हणाली, एक मिनिटात जेवढे मासे आठवतील तेवढे सांगा. मला वाटलं, मालवणच्या बाईला मासे विचारतेस पोरी, आता ऐक. बायको सुटली. सुरमई, पापलेट, बांगडा, सौंदाळा, मोरी, मांदेली, बोंबील. मग थांबली. मग म्हणाली सुरमई. मग बांगडा. मग परत सुरमई. आणि स्वतःला कळतच नव्हतं की परत म्हणतेय. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. मला हलवा माहीत होता, तारली माहीत होती, सगळं ओठावर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठल्यातरी परीक्षेचं उत्तर येत होतं, आणि परीक्षा माझी नव्हती.

मग तिला बाहेर बसवलं आणि माझी घेतली. "विसरायला कधीपासून लागल्या?"

"गणपतीनंतर."

"त्याआधी काही?"

"नाही."

"एकच गोष्ट परत परत विचारतात का?"

"बायका विचारतातच ना."

"दिवसभर काय काय करतात?"

"घरचंच."

"म्हणजे काय काय?"

मला सांगता येईना. सकाळी मी नाक्यावर पेपरच्या स्टॉलपाशी गप्पा मारायला जातो, जेवायला येतो, झोपतो. मधल्या वेळात ती काय करते, मला काय ठाऊक. डॉक्टरीण हसली नाही, ओरडली पण नाही. म्हणाली, "त्यांच्याबरोबर जास्त वेळ कोण असतं? त्यांच्याशी बोलता येईल का?"

तर मी, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते सांगत गेले. गणपतीनंतर नाही, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापासून. लोणच्याला कैऱ्या फोडताना मीठ घातलं की नाही हे वहिनींना तीन-चारदा विचारलं होतं. फोनवर गावच्या बहिणीला तेच तेच सांगते. लाईट बिल आता वहिनींच्या मदतीने भरते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. परीक्षा बायकोची आणि नापास परत मीच. आणि बाकावर बाजूला बसणारा पास.

मेंदूचा फोटो काढून झाला. त्यात थोडं काहीतरी दिसत होतं, पण वयाने पण तसं दिसतं म्हणाली. पक्कं कळायला पाठीतलं पाणी तपासायचं. कण्यातून बारीक सुईने थोडं पाणी काढतात. मेंदूभोवती जे पाणी असतं, तेच तिथपर्यंत खाली येतं. त्यात दोन प्रोटीन बघायची. एकाचं नाव अमायलॉइड, दुसऱ्याचं टाऊ. हा आजार असला तर पहिलं पाण्यात कमी होतं आणि दुसरं वाढतं.

मी म्हटलं, "कमी झालं तर चांगलंच ना? कचरा कमी."

"नाही ना. ते मेंदूत साचून बसतं, म्हणून पाण्यात कमी येतं. आणि पेशी मोडायला लागल्या की त्यांच्यातलं टाऊ पाण्यात जास्त यायला लागतं."

तेव्हा मला कळलं. आमच्या चाळीच्या गच्चीवर टाकी होती. गाळ तळाशी बसला की नळाला एकदम निवळ पाणी यायचं, लोक खूश, आणि टाकी खालून भरत चाललेली असायची. आणि पाईप सडला की पाण्यात गंज. मी डॉक्टरीणबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आयुष्यात मला शिकलेल्या माणसाने बरोबर म्हटल्याचं हे एकच उदाहरण, आणि विषय असा की पेढे वाटायची सोय नाही.

मी नको म्हणत होतो. गावाला आमच्या एकाच्या पाठीतलं पाणी काढलं होतं, तो नंतर काठीवर आला. डॉक्टरीण म्हणाली, काठी त्याच्या आजाराने आली असेल, सुईने नाही. एखाद दिवस डोकं दुखतं, बस. तरी मी नकोच म्हणत होतो. आतली गोष्ट सांगू? ही टेस्ट करून घ्या असं पहिल्यांदा साहेब म्हणाले होते.

बायको बाहेरून आत आली होती. म्हणाली, "काढा पाणी. मला काय ते कळू दे. पत्ते झाकून खेळायचा कंटाळा आलाय."

पाणी काढायचं त्या दिवशी मात्र साहेबांच्या गाडीने गेलो. मी मागे. बायको पुढे, कारण तिला मागे बसलं की मळमळतं. मळमळत मला होतं, पण मला कोण विचारतो.

आत नेण्याआधी डॉक्टरीण म्हणाली, "कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. अजिबात हलायचं नाही. समोर घरचं कोणी बसलं तर बरं, धीर येतो. कोणाला बोलवू?"

मी शर्ट सारखा करून पुढे झालो.

बायको म्हणाली, "भावजींना बसू दे."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. बायको म्हणाली, "यांचं तोंड बघितलं की मला हसू येतं. हलले तर सुई भलतीकडे जाईल."

बाहेर बाकावर बसलो. समोर पाण्याचा कूलर, त्याचा पंखा खडखड करत होता. बेअरिंग गेलेलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हटलं, इतकी वर्षं बायकोला हसवलं हे माझं एकच भांडवल. सगळ्यांना सांगायचो, बाकी काही दिलं नाही पण हसवलं. आणि आज तेच माझ्यावर उलटलं. नवरा म्हणून नाही, सर्कशीतला म्हणून मला बाहेर ठेवलं होतं, आणि आत तो हळू टाळी देणारा.

दार उघडलं. साहेब बाहेर आले. कपाळावर घाम. माझ्या बाजूला धप्पकन बसले.

"तुम्ही जा आत."

"का? तुम्हाला बोलावलंय."

"मला सुई बघवत नाही. चक्कर येते."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच चक्कर येत होती की माझ्यासाठी उठून आले, मला आजपर्यंत कळलेलं नाही. दुसरं असेल तर मी त्यांना कधी माफ करणार नाही. पहिलं असेल तर जरा बरं वाटतं.

आत बायको कोळंबीसारखी वळून पडलेली. पाठ डॉक्टरीणबाईकडे, तोंड माझ्याकडे. मी स्टुलावर बसलो. ती म्हणाली, "तुम्ही? तोंड बंद ठेवा हां."

मी ओठ दाबून बसलो. डॉक्टरीण पाठीवर काहीतरी थंड पुसत होती. बायकोने डोळे मिटले, परत उघडले. तिची बोटं गादीच्या कडेला आवळलेली. आधी बधिर करायची सुई टोचली आणि तिच्या तोंडातून एवढासा आवाज आला. मला काय करावं कळेना. बोलायचं नाही, हसवायचं नाही. मग त्याच्याशिवाय मला येतं काय?

माझा हात वर गेला आणि मी कानाची पाळी चोळली.

ती बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बदाम."

मी चष्म्याची काडी वर केली. मला चष्मा नाही, पण काडी वर केली.

"इस्पिक."

डॉक्टरीण मागून म्हणाली, "छान. हलू नका."

मी हनुवटीला हात लावला.

"किलवर." तिची बोटं जरा सैल झाली.

मग चौथं मला आठवेना. मी खांद्याला हात लावला.

"चुकलात," ती म्हणाली. "चौकट नाकाला. खांद्याला काय नाय."

मी नाक धरलं. ती म्हणाली, "धरायचं नाय. नुसतं बोट." मी नुसतं बोट लावलं. असं आमचं चाललं होतं तोवर मागे पाणी थेंब थेंब बाटलीत पडत होतं. नंतर डॉक्टरीणबाईने दाखवलं. पाण्यासारखं पाणी. निवळ. आमच्या टाकीचं आठवून मला ते बघवेना.

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी घरात इतकं बारीक लक्ष ठेवत होतो की बायको म्हणाली, "वॉचमनची नोकरी लागली का?" मग बोलावलं. पहिलं कमी होतं, दुसरं वाढलेलं. डॉक्टरीण म्हणाली, अल्झायमर आहे, पण सुरुवात आहे. औषधं देते. त्याने बरं होत नाही, जरा वेळ मिळतो. माणसांत ठेवा, बोलतं ठेवा, खेळू द्या. हळूहळू काय होईल तेही सांगितलं. ते मी इथे सांगत नाही, तुम्ही ऐकलं असेल कुठे तरी.

बायकोने एकच विचारलं, "काढलेलं पाणी परत भरतं ना?"

"भरतं. तुमचं तर केव्हाच भरलं."

"मग बरं," ती म्हणाली, जणू घरची टाकी.

ती बाहेर गेल्यावर मी मागे थांबलो. विचारलं, "डॉक्टर, आधी काय जातं? जुनं की नवं?"

"बहुतेक नवं आधी. जुन्या आठवणी जास्त दिवस टिकतात."

मी मनात हिशोब केला. मी चाळीच्या वेळचा. साहेब टॉवर झाल्यानंतरचे. म्हणजे लाईनमध्ये आधी त्यांचा नंबर. किती नीच माणूस आहे मी बघा, बायकोला एवढा आजार सांगितला आणि मला त्यातही थंड वाटलं. गाडीत मागे बसून साहेबांच्या केसांकडे बघत होतो आणि म्हणत होतो, जाशील, तू आधी जाशील. मुलुंड आलं तेव्हा लक्षात आलं की खुणा पण नव्याच आहेत. त्याही त्याच लाईनमध्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना बिल्डिंगच्या बागेत गाठलं. म्हटलं, "मला नीट शिकवा. मेंढी गेली त्याची खूण आहे, रंग संपला त्याची आहे का?" त्यांनी शिकवलं. बाकावर दोघं म्हातारे एकमेकांसमोर नाक-कान चोळत बसलेलो. पोरं सायकल थांबवून बघत होती. मी चुकलो की ते रागवत नाहीत, परत करून दाखवतात, त्याचाच राग येतो.

मग मी चाळीचा कायदा मोडला. म्हटलं, आजपासून बायकोचा पार्टनर मी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, विचार करा." बायको म्हणाली, "मला कोणी विचारणार आहे का?" तरी बसली समोर. साहेबांनी पत्ते पिसले.

तेव्हापासून आम्ही रोज हरतो. तिला आठवत नाही आणि मला कळत नाही, अशी जोडी. मी किलवर गेलं म्हणून हनुवटी चोळतो आणि किलवरची मेंढी साहेबांच्या हातातून बाहेर येते. बायको सगळ्यांसमोर म्हणते, "दाढी वाढली असेल तर करून या, मला फसवू नका." साहेबांचा हात मधूनच कानाकडे जातो, सवयीने, आणि ते तो खाली घेतात. मला दिसतं. बायकोलाही दिसतं. तिची नजर अजून आधी तिकडेच जाते आणि मग माझ्याकडे येते. ते मधलं एवढंसं अंतर मी रोज मोजतो आणि रोज जळतो.

परवा आमच्यावर कोट झाला, चारही मेंढ्या गेल्या. घरी आलो. तिने देवापाशी दिवा लावला, मी चहा टाकला. आता चहा मी टाकतो. कप तिच्या हातात दिला तेव्हा तिने विचारलं, "आज कोण जिंकलं?"

डाव संपून अर्धा तास पण झाला नव्हता. मी म्हटलं, "आपण. कोट दिला त्यांना."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. कांजिण्या आल्या होत्या तेव्हा बघितलं होतं, तितका वेळ.

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. "पार्टनर तुम्ही होतात. जिंकणार कसे?"